ध्यानचंद यांच्याकडून मैदानावर नेमकं काय शिकायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : शाळेचा हॉकी संघ आहे, मुलं १२ ते १६ वयाची आहेत. २९ ऑगस्टला ध्यानचंद यांच्याविषयी बोलायचं आहे आणि त्याच दिवशी मैदानावर सरावही घ्यायचा आहे. चुंबकाची आणि हिटलरची गोष्ट मुलांना तोंडपाठ झालीय. ती ऐकून झाली की मुलं विचारतात, "मग त्यांच्यासारखं खेळायचं म्हणजे आम्ही काय करायचं?" आणि तिथे गाडी अडते.

एका शब्दात उत्तर द्यायचं तर, पास. ड्रिबलिंग, म्हणजे चेंडू स्टिकने खेळवत एकट्याने पुढे नेणं, नाही. 'हॉकीचे जादूगार' या बिरुदामुळे सगळ्यांचं लक्ष त्यांच्या स्टिकला चिकटलेल्या चेंडूकडे जातं, आणि मुलं मैदानावर उतरली की तिघांना चकवायला जातात आणि चौथ्याकडे चेंडू घालवतात. ध्यानचंद तसे खेळत नव्हते. १९४८ आणि १९५२ च्या ऑलिंपिक सुवर्णपदकांचे मानकरी केशव दत्त त्यांची तुलना बुद्धिबळपटूशी करत. पटावर नजर टाकावी तशी त्यांची मैदानावर नजर असे आणि त्यांची खरी ताकद खांद्यांच्या वर होती, असं ते म्हणत. माझ्या मते भाषण आणि सराव दोन्ही या एकाच धाग्यावर बांधा.

आधी गोष्टींची थोडी झाडलोट. स्टिक तोडून आत चुंबक आहे का ते पाहिलं, हिटलरने सैन्यात मोठं पद देऊ केलं, व्हिएन्नात चार हातांचा पुतळा उभारला : या तिन्हींना त्या काळातला भक्कम लेखी पुरावा कुणी दाखवत नाही. मुलांना सांगायच्याच असतील तर 'दंतकथा' म्हणून सांगा. फलकावर लिहिताना आणखी एक चूक हटकून होते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या फोटोखाली 'मेजर ध्यानचंद' असं लिहिलं जातं. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकला ते लान्सनाईक, म्हणजे शिपायाच्या एक पायरी वर, होते. मेजर हे पद पुष्कळ पुढचं, १९५६ साली सैन्यातून निवृत्त झाले तेव्हाचं.

आता आयुष्य. मुलांना उपयोगी पडेल तेवढंच सांगतो.

जन्म २९ ऑगस्ट १९०५, अलाहाबाद. मूळ नाव ध्यान सिंह. वडील ब्रिटिश हिंदी सैन्यात होते, त्यामुळे बदल्या फार आणि शाळा सहा वर्षांत आटोपली. पुढे कुटुंब झाशीत स्थिरावलं. लहानपणी त्यांना ओढ होती ती कुस्तीची. हॉकी म्हणजे मित्रांबरोबर कधीतरी खेळायचा खेळ. १९२२ साली ते शिपाई म्हणून पहिल्या ब्राह्मण रेजिमेंटमध्ये भरती झाले आणि खरी हॉकी तिथे सुरू झाली. सुभेदार-मेजर बाळे तिवारी हे त्यांचे पहिले गुरू. म्हणजे शास्त्रशुद्ध शिक्षण सतराव्या वर्षी सुरू झालं आणि सहा वर्षांत ऑलिंपिक सुवर्ण. तुमच्या संघात चौदाव्या वर्षी पहिल्यांदा स्टिक धरणारा मुलगा असेल आणि "आता उशीर झाला" असं त्याच्या घरचे म्हणत असतील, तर हा तपशील त्यांच्या कानावर घाला.

दिवसभर ड्यूटी, मग सराव, तोही अंधार पडल्यावर चंद्राच्या उजेडात. त्यावरून सोबतचे त्यांना 'चांद' म्हणू लागले, असं नावाबद्दल सांगतात. ही गोष्ट सांगायला हरकत नाही, कारण तिच्यात तंत्राचा एक मुद्दा दडलाय. अंधूक उजेडात चेंडू नीट दिसत नाही. तो कुठे आहे हे स्टिकवरच्या स्पर्शावरून आणि आवाजावरून ओळखावं लागतं. ज्याला हे जमलं त्याची नजर चेंडूवरून सुटते आणि मैदानावर फिरायला मोकळी होते. पुढचं सगळं या मोकळ्या नजरेवर उभं आहे. मात्र मुलांना खरोखर अंधारात खेळवू नका. हॉकीचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा आणि दगडासारखा टणक असतो. तोंडावर बसला तर दात जातो. हाच परिणाम दिवसाउजेडी कसा साधायचा ते पुढे सांगतो.

१९२६ साली सैन्याचा संघ न्यूझीलंडला गेला. २१ सामने, त्यातले १८ जिंकले, २ बरोबरीत, १ हरला. संघाचे गोल १९२, खाल्लेले २४. परत आल्यावर शिपायाचे ते लान्सनाईक झाले. १९२८ मध्ये ॲमस्टरडॅमला जाणाऱ्या संघाला निरोप द्यायला मुंबईच्या धक्क्यावर फक्त तीन माणसं होती : हॉकी महासंघाचे अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि एक पत्रकार. परतताना त्याच धक्क्यावर गर्दी मावत नव्हती. मधल्या काळात पाच सामने झाले होते. ऑस्ट्रिया ६–०, बेल्जियम ९–०, डेन्मार्क ५–०, स्वित्झर्लंड ६–० आणि अंतिम सामन्यात यजमान हॉलंड ३–०. एकूण २९ गोल, त्यातले १४ ध्यानचंद यांचे. हे चौदा सगळे सांगतात. त्या स्पर्धेत गोलरक्षक रिचर्ड ॲलन यांनी एकही गोल खाल्ला नाही, हे कुणी सांगत नाही. तुमचा गोलकीपर बहुधा कोपऱ्यात बसून ऐकत असेल, त्याच्यासाठी एवढं जरूर सांगा.

१९३२ च्या लॉस एंजेलिसवर फार वेळ घालवू नका. अमेरिकेला २४–१ आणि जपानला ११–१ हरवलं हे आकडे डोळे दिपवतात. पण स्पर्धेत संघच तीन होते आणि अमेरिकेचा संघ नवखा होता. त्यातली कामाची गोष्ट वेगळीच आहे. २४ पैकी १० गोल धाकटे बंधू रूप सिंह यांचे आणि ८ ध्यानचंद यांचे. रूप सिंह इनसाइड-लेफ्टला, म्हणजे सेंटर फॉरवर्डच्या (आघाडीच्या फळीतल्या मधल्या खेळाडूच्या) अगदी डाव्या हाताला खेळत. जगातला सर्वोत्तम सेंटर फॉरवर्ड संघात असताना शेजारचा खेळाडू त्याच्यापेक्षा जास्त गोल करतो, याचा अर्थ मधला माणूस चेंडू सोडत होता.

भाषणात एकच सामना रंगवून सांगायचा असेल तर लोक बर्लिन निवडतात. मी १९३३ ची बेटन कप या कलकत्त्याच्या हॉकी स्पर्धेची फायनल निवडेन. कलकत्त्याचं मैदान. ध्यानचंद यांचा झाशी हिरोज विरुद्ध कलकत्ता कस्टम्स. कस्टम्सचा संघ बलाढ्य होता आणि खेळावर पकडही त्यांचीच होती. झाशीची पोरं बचाव करून थकली होती. अशात ध्यानचंद यांनी मैदानाच्या मधून एक लांब थ्रू पास, म्हणजे बचावपटूंच्या मधून पलीकडे जाणारा पास, सोडला. त्यांचे सहकारी इस्माईल तो घेऊन जवळजवळ अर्धं मैदान धावले. कस्टम्सचा लेफ्ट-हाफ (मधल्या फळीतला डावीकडचा खेळाडू) आणि गोलरक्षक यांच्यात 'तू घे की मी घेऊ' असा क्षणभर घोळ झाला आणि इस्माईल यांनी गोल मारला. सामना १–० ने खिशात. १९५२ साली आलेल्या 'गोल' या आत्मचरित्रात ध्यानचंद यांनी इस्माईल यांच्या त्या धावेला धावपटू जेसी ओवेन्सची उपमा दिली आहे, आणि आपला सर्वांत चांगला सामना कोणता असं विचारलं तर हाच, असं बेधडक लिहिलं आहे. तीन ऑलिंपिक सुवर्णं नावावर असलेला माणूस ज्यात स्वतः गोल केला नाही असा देशांतर्गत सामना निवडतो. मुलांना हे सांगा आणि थोडं थांबा. "का निवडला असेल?" असं विचारा. उत्तरं ऐकण्यासारखी येतात.

तो पास समजून घेण्यासाठी त्या काळचे नियम माहीत हवेत. पाच फॉरवर्ड, तीन हाफ, दोन बॅक, एक गोलकीपर अशी मांडणी असे. ३५ मिनिटांचे दोन भाग, आजच्यासारखे १५ मिनिटांचे चार क्वार्टर नव्हेत. मधून मधून खेळाडू बदलत राहण्याची आजची सोयही नव्हती. सगळ्यात महत्त्वाचा होता ऑफसाइड. पुढे पास जाताना तुमच्या आणि समोरच्या गोलरेषेच्या मध्ये किमान तीन विरोधी खेळाडू असावे लागत. हा नियम आधी सैल झाला आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस हॉकीतून पूर्ण गेला. आजचा फॉरवर्ड डी मध्ये (गोलसमोरच्या अर्धवर्तुळात) जाऊन उभा राहू शकतो आणि चेंडूची वाट पाहू शकतो. इस्माईलना ते शक्य नव्हतं. त्यांनी ऑनसाइड असतानाच धाव सुरू करायची आणि चेंडू नेमका त्या क्षणी सुटायला हवा. अर्धा सेकंद उशीर झाला की शिट्टी. अर्धा सेकंद लवकर सुटला की बॅकच्या स्टिकवर. ध्यानचंद यांची जादू शोधायची तर या अर्ध्या सेकंदात शोधा.

म्हणून सरावासाठी पहिली सूचना : ऑफसाइड परत आणा. गोलरेषेपासून २३ मीटरवरच्या रेषेवर दोन बॅक उभे करा, मागे गोलकीपर. तीन फॉरवर्ड मध्यरेषेच्या अलीकडून चेंडू घेऊन निघतील. नियम एकच, चेंडू सुटण्यापूर्वी कुणीही शेवटच्या बॅकच्या पुढे गेला तर चाल बाद. सहा मिनिटांचे तीन संच, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. पहिल्या संचात जवळजवळ प्रत्येक चाल बाद होते. मुलं वैतागतात, वैतागू द्या. दुसऱ्या संचापर्यंत धावणारा सरळ धावायचं सोडून आधी आडवं आणि मग पुढे, असं वळणावर धावायला लागतो, आणि चेंडूवाला मान वर करतो. या दोन्ही गोष्टी शंभरदा ओरडून सांगितल्या तरी होत नाहीत. या एका नियमाने आपोआप होतात.

पास कधी सोडायचा हे मुलांना मीटरमध्ये सांगा, 'योग्य वेळी' असं मोघम सांगू नका. स्टिकची लांबी जास्तीत जास्त १०५ सेंटिमीटर असते. बचावपटू वाकून, एक पाऊल टाकून हात लांबवतो तेव्हा त्याचा आवाका साधारण दोन मीटर होतो. म्हणून चेंडू सोडायचा तो बचावपटू तीन मीटरवर असताना. पाच-सहा मीटरवरून सोडला तर त्याला वळून पासची वाट अडवायला वेळ मिळतो. दीड मीटरवर सोडायला गेलं की चेंडू त्याच्या स्टिकवर आदळून उलट्या दिशेने जातो आणि आपले तीन खेळाडू पुढे अडकून पडतात. शाळकरी मुलांची चूक जवळजवळ नेहमी दुसऱ्या प्रकारची असते. आणखी एक पाऊल, आणखी एक पाऊल करत ती आवाक्यात शिरतात. जमिनीवर तीन मीटरची पट्टी आखा, बचावपटूला तिच्या मागच्या टोकाला उभं करा आणि पट्टीत पाय पडला की चेंडू त्याचा, असा खेळ ठेवा. दहा मिनिटांत अंतराचा अंदाज बसतो.

चेंडू धावणाऱ्याच्या पायात द्यायचा नाही, त्याच्या पुढे दोन ते तीन मीटर द्यायचा. इथे डावी आणि उजवी बाजू यांत फरक आहे आणि तो अनेक प्रशिक्षक सांगायचं विसरतात. हॉकी स्टिक एकाच बाजूने सपाट असते. सरळ धरली की ती सपाट बाजू डावीकडे तोंड करते. उजव्या विंगला (कडेच्या खेळाडूला) मधून, म्हणजे डावीकडून आलेला चेंडू आपोआप सपाट बाजूवर येतो. त्याला धावता धावता घेता येतो. डाव्या विंगला मधून आलेला चेंडू उजवीकडून येतो आणि सरळ धावत राहिलं तर स्टिकच्या गोल बाजूवर लागतो, म्हणजे फाउल. त्या खेळाडूला एकतर कंबरेतून उजवीकडे वळून छाती मैदानाकडे करावी लागते किंवा रिव्हर्सने, म्हणजे स्टिक उलटी फिरवून, घ्यावा लागतो. दोन्हीत वेग तुटतो. म्हणून डावीकडचा पास थोडा हळू आणि थोडा जास्त पुढे द्या, म्हणजे तो चेंडूमागून धावून, वळायला वेळ काढून घेऊ शकतो. उजवीकडचा जोरकस चालतो. इस्माईल उजव्या अंगाने धावले होते हे लक्षात घेतलं तर तो लांब पास इतका सुसाट का चालला हेही कळतं.

आता चेंडू मिळण्यापूर्वीचं काम. ध्यानचंद यांच्याकडे चेंडू थोडाच वेळ असे, कारण पुढे काय करायचं ते चेंडू येण्याआधीच ठरलेलं असे. हे शिकवता येतं. दहा मीटरचा चौकोन आखा, चार कोपऱ्यांवर चार मुलं, मध्ये एक. कोपऱ्यातून चेंडू निघाला की मधल्या मुलामागचा खेळाडू हात वर करून एक ते पाच बोटं दाखवतो. मधल्याने चेंडू पोहोचण्यापूर्वी खांद्यावरून मागे बघायचं, आकडा मोठ्याने म्हणायचा, मग चेंडू थांबवायचा आणि बोटं दाखवणाऱ्याकडेच द्यायचा. प्रत्येकाला दहा चेंडू. सुरुवातीला दहापैकी तीन-चारच जमतात. नेहमी बिघडतं ते असं : मूल आधी चेंडू थांबवतं आणि मग मागे बघतं. सामन्यात तेवढ्यात अंगावर माणूस आलेला असतो. सांगायचं एकच, चेंडू समोरच्याच्या स्टिकवरून सुटला की बघायचं. त्या क्षणापासून चेंडू येईपर्यंत सात मीटरवर जेमतेम एक सेकंद मिळतो आणि एका नजरेला तो पुरतो.

थांबवताना छाती पास देणाऱ्याकडे सरळ नको. अर्धी गोलकडे वळलेली हवी, डावा खांदा पुढे. स्टिकचा दांडा चेंडूच्या दिशेने थोडा पुढे झुकलेला ठेवा, म्हणजे चेंडू उडत नाही. उजव्या हाताची पकड ढिली, नाहीतर चेंडू भिंतीवर आपटल्यासारखा परत जातो. आणि चेंडू जागीच मारून टाकायचा नाही. पहिल्याच स्पर्शात त्याला पुढच्या दिशेला अर्धा-एक मीटर न्यायचं. हा पहिला स्पर्श बरा असला की ड्रिबलिंगची निम्मी गरज संपते.

ड्रिबलिंग शिकवूच नका असं मी म्हणत नाही. डावा हात दांड्याच्या वरच्या टोकाला, उजवा त्याखाली २५ ते ३० सेंटिमीटरवर. स्टिक उलटसुलट फिरवायचं काम डाव्या मनगटाचं. उजवा हात म्हणजे नळी, तिच्यातून दांडा फिरायला हवा. नव्या मुलांचा उजवा हात घट्ट असतो, त्यामुळे दोन्ही मनगटं पिळली जातात आणि चेंडू स्टिकखालून निसटतो. उपाय साधा : उजव्या हाताच्या जागी दांड्यावर पुठ्ठ्याची नळी सरकवा आणि नळीला धरायला सांगा. दांडा आत फिरला तर बरोबर. चेंडू पायांपासून ३०-४० सेंटिमीटर पुढे हवा. त्याहून जवळ आला की मान खाली जाते, आणि मान खाली गेली की चंद्रप्रकाशातल्या सरावाचा मुद्दाच हरवतो. म्हणून ड्रिबल करताना समोर उभं राहून बोटं दाखवा, रंगीत रुमाल हलवा, आकडे विचारा. रोज दहा मिनिटं पुरे. अर्धा तास ड्रिबल करवलं तर मनगटं थकतात आणि चुकीची सवयच पक्की होते.

डी मधला फटका हा शेवटचा भाग. गोल ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच. डी मध्ये शिरल्यावर बहुतेक मुलं चेंडू 'लावून' घेतात, म्हणजे एक जास्तीचा स्पर्श, आणि मग स्टिक मोठी मागे नेऊन हाणतात. तेवढ्यात गोलकीपर पुढे येऊन कोन झाकतो. दोन्ही हात एकत्र करून दांड्यावर दहा-पंधरा सेंटिमीटर खाली घ्या, स्टिक कंबरेच्या वर न नेता आखूड फटका मारा. ताकद कमी वाटेल, पण गोलकीपर स्थिर होण्याआधी चेंडू सुटतो. आठ-दहा मीटरवरून पाच चेंडूंचे चार संच घ्या, आणि पास मिळाल्यापासून एका सेकंदात फटका सुटला नाही तर तो मोजू नका. गोल झाला तरीही. हे शेवटचं वाक्य मुलांना पटत नाही, ठाम राहा.

बर्लिनबद्दल थोडंसं, कारण मुलं विचारणारच. १७ जुलै १९३६ रोजी सराव सामन्यात जर्मनीने भारताला ४–१ हरवलं. ध्यानचंद कर्णधार होते. पराभवावर नुसती चर्चा झाली नाही. फॉरवर्ड लाइनमधली फट ओळखून मायदेशाहून अली दारा यांना बोलावून घेतलं गेलं आणि ते उपांत्य सामन्यापर्यंत पोहोचले. फ्रान्सला १०–० हरवलं. अंतिम सामना पावसामुळे एक दिवस पुढे जाऊन १५ ऑगस्टला झाला. मध्यंतराला फक्त १–०. मैदान ओलं. दुसऱ्या भागात ध्यानचंद यांनी बूट काढले, असं सांगतात. 'अनवाणी' हा शब्द सगळीकडे चालतो; काट्यांचे बूट आणि मोजे काढून रबरी तळव्यांच्या हलक्या बुटांत खेळल्याचाही उल्लेख येतो. कारण तांत्रिक आहे. ओल्या गवतात काट्यांमध्ये चिखल भरतो, पाय जड होतो आणि छोट्या पावलांनी वळणं कठीण जातं. ज्यांचा खेळच छोट्या पासवर चालतो त्यांना हे फार महागात पडतं. दुसऱ्या भागात सात गोल झाले आणि सामना ८–१ संपला. पाच सामन्यांत भारताने खाल्लेला तो एकमेव गोल. तुमच्याकडे ऑगस्टात मैदान ओलंच असेल. मुलांना अनवाणी खेळू देऊ नका, पण मध्यंतराला बुटांच्या तळव्यातला चिखल काडीने काढायला लावा. दोन मिनिटांचं काम आहे आणि फरक लगेच जाणवतो.

एकूण गोलांच्या आकड्यांत अडकू नका. तीन ऑलिंपिकमधले १२ सामने ही बाब पक्की. त्यांतल्या गोलांचा आकडा कुठे ३७ तर कुठे ३९ दिसतो, कारण जुन्या सामन्यांत गोल कुणाच्या नावावर टाकायचा याची नोंद एकसारखी नव्हती. वाद घालत बसण्यापेक्षा दुसरी गोष्ट सांगा : महायुद्धामुळे १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिक झालीच नाहीत. बर्लिनला ते ३० वर्षांचे होते. पुढची दोन ऑलिंपिक हातातून गेली आणि तरीही १९४७–४८ मध्ये पूर्व आफ्रिकेच्या दौऱ्यावर, वयाच्या ४२ व्या वर्षी, २२ सामन्यांत ६१ गोल. या वयात पाय पूर्वीसारखे धावत नाहीत. जागा कुठे मोकळी होणार हे आधी कळतं म्हणून हे जमतं.

निवृत्तीनंतर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत त्यांनी प्रशिक्षक म्हणून काम केलं. १९५६ साली पद्मभूषण. ३ डिसेंबर १९७९ रोजी दिल्लीत एम्समध्ये निधन झालं, आणि अंत्यसंस्कार झाले ते झाशी हिरोजच्या मैदानावर. मुलगा अशोक कुमार यांनी १९७५ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात क्वालालंपूरला पाकिस्तानविरुद्ध विजयी गोल केला. भाषणात पुरस्कारांची सरमिसळ होते म्हणून : २००२ साली सुरू झालेला आणि २०२४ मध्ये बंद झालेला ध्यानचंद पुरस्कार वेगळा, आणि २०२१ मध्ये ज्याला त्यांचं नाव दिलं गेलं तो खेलरत्न वेगळा.

२९ ऑगस्टच्या सामन्यासाठी गुणांची पद्धत बदलून बघा. गोलला एक गुण, गोलआधीच्या शेवटच्या पासला दोन. फलकावर गोल करणाऱ्याच्या आधी पास देणाऱ्याचं नाव लिहा. एक पळवाट मात्र आधीच बंद करायला हवी. गुणांसाठी मुलं डी मध्ये उगाच शेजाऱ्याला टुकटुक पास देत बसतील आणि सोपा गोल घालवतील. म्हणून दोन गुण त्याच पासला, जो एका तरी बचावपटूला मागे टाकून पुढे गेला. ते ठरवायला पंचाशिवाय एक माणूस बाजूच्या रेषेवर, २३ मीटरच्या आसपास उभा करा. मधून पाहिलं तर बचावपटू मागे पडला की नाही ते नीट दिसत नाही.